चौकोनी उजेड

शाळेच्या स्मरणिकेसाठी एखादी आठवण लिहून पाठवावी, असे पत्र मिळाले तेव्हा मला प्रथम आठवला तो तेलाचा एक रिकामा पिपा. निकाल, स्नेहसंमेलने आणि सहली यांविषयी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. मी या पिप्याविषयी लिहितो, कारण त्याच्याशी माझे एक जुने देणे जोडलेले आहे आणि ते फेडण्यास याहून योग्य जागा मला सापडणार नाही.

मी तेव्हा नववीत होतो, साल १९८७. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की वर्धा जिल्ह्यातील काळी जमीन पाऊल रुतवून ठेवणारी होई. कबड्डी, खो-खो बंद. सायंकाळची वंदना आणि भोजन आटोपल्यानंतर अभ्यासाची घंटा होईपर्यंतची पाऊण तास मोकळीक आम्ही सभागृहात घालवीत असू. तेथे एका बुटक्या चौरंगावर वसतिगृहाचा एकुलता एक कॅरमबोर्ड मांडलेला असे. खेळणारे चौघे आणि बघणारे चाळीस.

सभागृहात साठ वॉटचा एक बल्ब होता, तोही पूर्वेच्या भिंतीवर उंच. त्यामुळे भिंतीकडे पाठ करून बसणाऱ्या खेळाडूच्या डोक्याची सावली थेट बोर्डावर पडे. त्या जागेला आम्ही ‘सावलीची बाजू’ म्हणत असू. दुहेरीच्या खेळात जोडीदार समोरासमोर बसतात; म्हणजे प्रत्येक डावात कोणत्या तरी जोडीतील एकाच्या वाट्याला ती बाजू येणारच. आमच्या जोडीत ती नेहमी माझ्या जोडीदाराकडे जाई. आर्वी तालुक्यातील एका खेड्यातून आलेला हा मुलगा अबोल होता. ‘माझा नेम चांगला आहे, तेव्हा उजेडाची बाजू मला हवी,’ असे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकले होते. त्याने कधी हरकत घेतली नाही. तो चुके तेव्हा मी सावलीला दोष देई, आणि मनातल्या मनात त्यालाही.

अखेर आम्ही काही जण गृहपालांकडे गेलो आणि दोनशे वॉटचा बल्ब मागितला. विजेच्या बिलाचे कारण सांगून त्यांनी नकार दिला. विज्ञानाचे सर तेथेच बसले होते. ते म्हणाले, “अरे, वॉट कशाला वाढवता? अंतर कमी करा.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर हिशोब मांडला. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले तर उजेड निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो. तिप्पट झाले तर नववा हिस्सा. आमचा बल्ब बोर्डापासून सुमारे सव्वादोन मीटरवर होता. तोच बल्ब पाऊण मीटरवर, बोर्डाच्या नेमका माथ्यावर आणला तर बिलात एका पैशाचीही भर न पडता निदान नऊपट उजेड मिळणार होता. शिवाय दिवा मध्यावर आला की सावलीची बाजूच उरणार नव्हती.

सरांनी सांगितले की बिलियर्ड्स आणि स्नूकरच्या टेबलावर याच तत्त्वाने आडवी लांब शेड टांगतात. स्नूकर हा खेळ आपल्या शेजारच्या जबलपुरात १८७५ साली इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी सुरू केला आणि पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी विश्वविजेते झाले, हे आम्ही त्याच दिवशी प्रथम ऐकले. “आणि दिवे तयार करण्यासाठी वर्ध्याच्या माणसाने दुसऱ्याकडे बघू नये,” असे म्हणून त्यांनी मगनवाडीची गोष्ट सांगितली. १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली तेथे ‘मगनदीप’ नावाचा कंदील तयार केला होता. रॉकेलऐवजी वनस्पतितेलावर जळणारा दिवा खेड्यातच बनावा, असा त्यामागचा विचार होता. आमच्यापुरते बोलायचे तर तेल संपून गेले होते, पिपा तेवढा उरला होता.

स्वयंपाकघरातून मावशींनी पंधरा किलोच्या तेलाचा पिपा दिला. राख आणि गरम पाणी लावून आम्ही तो तीन वेळा घासला, तरी शेंगदाण्याच्या तेलाचा वास गेला नाही. पिपा चौरस होता, बाजू सुमारे चोवीस सेंटिमीटर. सर म्हणाले, “बोर्ड चौकोनी, पिपाही चौकोनी, उजेडही चौकोनीच पडेल. फक्त बाजू बाजूशी समांतर ठेवा.” किती उजेड बाहेर सोडायचा याचे उत्तर समरूप त्रिकोणांत होते. बोर्डाच्या मध्यापासून लाकडी चौकटीच्या कडेपर्यंत पंचेचाळीस सेंटिमीटर, बल्बची तार बोर्डापासून पंचाहत्तर सेंटिमीटर उंच, पिप्याच्या तोंडाची निम्मी रुंदी बारा. तेव्हा तार पिप्याच्या तोंडापासून वीस सेंटिमीटर आत हवी. तसे केले तर उजेड चौकटीशी थांबतो आणि बसणाऱ्याच्या डोळ्यांवर येत नाही. भूमितीचा एवढा उपयोग मी त्यापूर्वी कधी पाहिला नव्हता.

पिप्याचे वरचे झाकण कापून काढले. तीच बाजू आता खाली, बोर्डाकडे येणार होती. पत्र्याच्या कडा आत दुमडल्या. तळ आता वर आला. त्याला होल्डरसाठी मध्यभागी एक आणि उष्णता निघून जावी म्हणून भोवताली बारा भोके पाडली. आतून पांढरा ऑइलपेंट दिला. पत्रा चकचकीत ठेवावा, असा माझा आग्रह होता. पण चकचकीत पत्र्यात बल्बची झगझगीत प्रतिबिंबे पडतात आणि बोर्डावर डाग उमटतात, हे सरांनी करून दाखविले. होल्डर लाकडी चकतीवर बसविला. पिपा धातूचा असल्यामुळे त्याला अर्थिंगची स्वतंत्र तार जोडल्याशिवाय बटन दाबू देणार नाही, हे त्यांनी बजावले होते. होल्डर आणि वायर बजाज चौकाजवळच्या दुकानातून आणली. वर्गणी दरडोई चार आणे. छताच्या कडीतून दोरी ओवून दिवा वरखाली करण्याची सोय केली.

पहिल्या सायंकाळी सरांनी स्वतः बटन दाबले. बोर्डावर काटेकोर चौकोनी उजेड पडला आणि बाकीचे सभागृह अंधारात राहिले. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि मधली तांबडी राणी अशा एकोणीस सोंगट्या जणू नव्याने घडविल्यासारख्या दिसल्या. बोरिक पावडरचा कणन्‌कण दिसत होता. चाळीस मुले क्षणभर गप्प झाली.

माझा जोडीदार पहिले दोन दिवस खरोखरच बरा खेळला. मला वाटले, दोष सावलीचाच होता. तिसऱ्या दिवशी दहावीच्या जोडीशी आमचा अखेरचा डाव लागला. राणी त्याच्या समोरच्या पॉकेटच्या तोंडाशी उभी होती. कोणीही सहज घेतली असती. त्याने वाकून, डोळे बारीक करून नेम धरला आणि स्ट्रायकर राणीपासून चार बोटे दूर गेला. पुन्हा पाळी आली, पुन्हा तेच. डाव गेला. मी सगळ्यांसमोर उठून ओरडलो, “आता तर सूर्य आणून टांगला तुझ्यासाठी! अजून दिसत नाही का, आंधळ्या?”

मुले हसली. तो हसला नाही आणि रागावलाही नाही. खाली मान घालून एवढेच म्हणाला, “तिकडची सोंगटी पसरून जाते.”

सर दाराशी उभे होते. त्यांनी मला काहीच म्हटले नाही. त्याला हाताशी धरून ते वर्गात घेऊन गेले, फळ्यावर मोठी अक्षरे काढली आणि तिसऱ्या बाकावरून वाचायला सांगितले. त्याला वाचता येईना. त्या आठवड्यात ते स्वतः त्याला सायकलवर बसवून सेवाग्रामच्या रुग्णालयात घेऊन गेले. चष्म्याचा नंबर उणे साडेतीन निघाला. एक फुटापलीकडचे जग त्याला अस्पष्ट दिसत होते. उजेड वाढला की बाहुली आकसते आणि धूसर दृष्टीही थोडी रेखीव होते. म्हणून दोन दिवस तो बरा खेळला होता. पाच वर्षे तो फळ्यावरचे चुकीचे उतरवीत होता आणि पाच वर्षे आम्ही सारे त्याला मठ्ठ समजत होतो. त्याला वाटे, सर्वांनाच असे दिसते; बाकीचे फक्त अधिक हुशार आहेत.

चष्मा आला त्या दिवशी तो बराच वेळ अंगणातील कडुनिंबाकडे पाहत उभा होता. पाने वेगवेगळी असतात, एवढेच त्याने मला सांगितले. मी क्षमा मागितली नाही. त्या वयात ते जमले नाही आणि पुढे वेळ निघून गेला. नववीच्या वार्षिक परीक्षेत त्याने गणितात मला मागे टाकले. कॅरममध्ये मात्र तो शेवटपर्यंत माझ्याकडून हरतच राहिला, हेही प्रामाणिकपणे नोंदवितो.

त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. ही स्मरणिका त्याच्याही घरी पोहोचेल आणि तो ओळखेल. मित्रा, उजेडाची बाजू मी तुला न विचारता घेतली होती आणि भरसभेत तुला जो शब्द वापरला, त्याबद्दल आज भरसभेत तुझी क्षमा मागतो.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एकच विनंती. शाळेला आपण पंखे देतो, दिवे देतो, पुस्तके देतो. ते जरूर द्यावे. पण दर जुलैमध्ये नव्याने दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाला मागच्या बाकावर बसवून फळा वाचायला लावावा. त्याला एका मुलामागे दोन मिनिटे लागतात, खर्च काहीच नाही. दिवा टांगून आम्ही आमचे काम झाले असे समजलो होतो. समोरच्याला काय दिसते, हे विचारण्याचे काम बाकी होते.