दगडातून उठणारा राजा

टायरँट्रम नावाचा प्राणी अल्लाहच्या जमिनीवर कधीच चालला नाही. तो पोकेमॉन या जपानी व्हिडिओ गेमच्या मालिकेतला आहे. 2013 साली आलेल्या ‘पोकेमॉन एक्स’ आणि ‘पोकेमॉन वाय’ या खेळांत तो पहिल्यांदा दिसला. प्रचंड जबडा, आखूड हात, मानेभोवती पांढरी आयाळ. टायरॅनोसॉरस या डायनासोरवरून तो बेतलेला आहे. आमच्या महालातल्या मुलांना शेजारच्या चाचांचे पूर्ण नाव सांगता येणार नाही, पण टायरँट्रमची ताकद किती आणि तो कशाने हरतो, हे तोंडपाठ असते.

खेळात तो मिळतो कसा, हे मोठ्यांनी समजून घेण्यासारखे आहे. गुहेत जबड्याचा जीवाश्म हाती येतो. तो प्रयोगशाळेत दिला की टायरंट नावाचे जिवंत पिल्लू मिळते. लढत लढत ते 39व्या पातळीवर गेले की दिवसाउजेडी त्याचा टायरँट्रम होतो. करोडो वर्षांपूर्वी मेलेला जीव क्षणात परत!

दादाजानच्या इंतकालला दोन महिने झाले होते. आमच्या सात वर्षांच्या मुलाने जेवताना विचारले, “अम्मी, दादाजानचं हाड तिथे दिलं तर ते पण परत येतील का?” सगळे गप्प झाले. फूफीचे डोळे भरून आले. कोणी म्हणाले, “तौबा कर! असं बोलू नये.”

आम्हाला मात्र त्याला गप्प करणे पटले नाही. खेळाने त्याला शब्द दिले होते, दुःख त्याचे स्वतःचे होते. आणि प्रश्न विचारणे म्हणजे ईमान कमी होणे नव्हे. मेलेल्यांना तू कसे जिवंत करतोस ते मला दाखव, अशी विनंती खुद्द हजरत इब्राहीम (अलै.) यांनी केली होती, ती मनाच्या समाधानासाठी. सूरह बकरामध्ये हा प्रसंग आला आहे. तो आम्ही मुलाला सांगितला. जिवंत करणारा फक्त अल्लाह, आणि तो दिवस कयामतचा, हेही सांगितले.

मग जीवाश्म म्हणजे काय, ते सांगितले. हाड मातीखाली गाडले जाते, पाण्यातली खनिजे त्यात शिरतात आणि हळूहळू त्याचा दगड होतो. आकार उरतो, जीव उरत नाही. शरीराचा नकाशा ज्यात असतो, तो डीएनए फार टिकत नाही. शास्त्रज्ञांना 2022 पर्यंत मिळालेला सर्वांत जुना डीएनए सुमारे 20 लाख वर्षांपूर्वीचा, ग्रीनलँडच्या गोठलेल्या मातीतला आहे. डायनासोर संपले त्याला 6 कोटी 60 लाख वर्षे झाली. तेव्हा तसे यंत्र कुठेच नाही.

पुढच्या इतवारी आम्ही त्याला गांधीसागरजवळच्या, म्हणजे आपल्या जुमा तलावाजवळच्या, रमण विज्ञान केंद्रात नेले. तिथल्या बागेत डायनासोरच्या मोठ्या प्रतिकृती आहेत. घरी येताना त्याला सांगितले की खरे डायनासोर आपल्या विदर्भातही होते. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा नावाचे गाव आहे. हिस्लॉप कॉलेजला ज्यांचे नाव आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात तिथली हाडे गोळा केली. ती लांब मानेच्या, पाला खाणाऱ्या अजस्र प्राण्यांची होती. त्याच गावात दगड झालेले शेणही सापडते. 2005 मध्ये शास्त्रज्ञांनी त्यात गवताचे सूक्ष्म कण ओळखले. डायनासोरच्या काळी गवत नव्हते, असा तोवरचा समज त्यामुळे बदलला. पोरगा खूप हसला. “शेणातून कळलं?” मग सीताबर्डीची टेकडी दाखवली. त्याच युगाच्या शेवटी वाहिलेल्या लाव्ह्याचा तो खडक आहे. जमिनीवर फिरा आणि निर्मितीची सुरुवात कशी झाली ते पाहा, असे कुरआन सांगतो. नागपूरकरांना त्यासाठी फार दूर जायला नको.

एक गोष्ट अजून सांगायची राहिली होती. माणूस गेला की त्याचे अमल थांबतात. तीन गोष्टींचा सवाब मात्र पोहोचत राहतो: सदका-ए-जारिया, लोकांच्या कामी येणारे इल्म आणि नेक औलादीची दुआ. हदीसमधली ही गोष्ट ऐकून तो विचारात पडला. “म्हणजे अब्बूंची दुआ दादाजानला पोहोचते? आणि माझी?” आम्ही म्हटले, “तूही माग. अल्लाह ऐकतो.”

खेळ आम्ही बंद केला नाही. मगरिबनंतर मोबाईल मिळत नाही, आणि पत्ते लावून जिंकण्या-हरण्याचा खेळ चालणार नाही, एवढे दोन नियम आहेत. बाकी टायरँट्रम आहे तिथे आहे. इशाच्या नमाजनंतर तो अब्बूंच्या शेजारी बसून हात उचलतो. काय मागतो ते आम्ही विचारत नाही.