सीटखालचं पेट्रोल

आमची जुनी महिंद्रा पेट्रोल जीप उंच बॉनेटची, लांब चेसिसची. आण्णांनी तिच्या मागे हौदा बांधून घेतला आणि तिची पिकअप केली. उसाचं बेणं, खताची पोती, डाळिंबाचे क्रेट हे सगळं तिनंच वाहिलं. माउलींची पालखी माळशिरसला मुक्कामाला आली की पाण्याची पिंपंही तीच न्यायची. त्या दिवशी पुढच्या बाकावर आम्ही दाटीवाटीनं बसायचो. खाली, चालकाच्या सीटखाली, सुमारे 40 लिटरची पेट्रोलची टाकी असायची.

ही रचना आण्णांची नव्हती, कारखान्याचीच होती. अमेरिकन विलीज जीप दुसऱ्या महायुद्धासाठी घडली तेव्हापासून टाकी चालकाच्या सीटखालीच होती. 1947 पासून महिंद्रांनी विलीज जीप भारतीय रस्त्यांवर आणल्या, त्यांच्याबरोबर टाकीही तिथेच आली. मला त्यात वावगं वाटायला लागलं ते वासामुळे. उन्हाळ्यात गाडी तापली की सीटखालून उग्र वास यायचा आणि नातेपुत्याला पोचेपर्यंत माझ्या मुलीचं डोकं धरायचं. सीट उचलून पाहिलं तर टाकीच्या जोडावर ओल होती आणि रबरी पाईप फुगून मऊ पडला होता.

गाडी गॅरेजमध्ये मिस्त्रींकडे नेली. त्यांनी पाईप दोन बोटांत दाबला आणि म्हणाले, "दादा, हे रबर आताच्या पेट्रोलचं न्हाई." त्यांचं बरोबर होतं. 2025 मध्ये देशानं पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला. हे इथेनॉल उसाच्या रसापासून आणि मळीपासूनही बनतं. माळीनगरला सासवड माळी साखर कारखाना 1930 च्या दशकात उभा राहिला, तेव्हापासून आमच्या माळशिरस तालुक्याचं पोट उसावर चालतं. त्यामुळे इथेनॉलला भाव मिळाला तर मला आनंदच आहे. पण इथेनॉल जुन्या रबराला आणि बुचाच्या गॅस्केटला मानवत नाही, पाणी ओढून घेतं आणि टाकीच्या तळाला वर्षानुवर्षं बसलेला गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणतं. पाईप तर बदलायचेच होते. मग टाकी तिथे ठेवायचीच कशाला, असं म्हणून मी ती हलवायचं ठरवलं.

नेमकी कुठे हलवायची, हा खरा प्रश्न होता. ओळखीचे लोक म्हणाले, चेसिसच्या बाहेर लटकव, ट्रकला असते तशी. मी वाचत गेलो तेव्हा कळलं की अमेरिकेत नेमकं हेच घडून गेलंय. तिथल्या पिकअपमध्येही टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागे असायची. जनरल मोटर्सनं 1973 च्या मॉडेलपासून ती केबिनबाहेर काढली, पण चेसिसच्या बाहेरच्या अंगाला बसवली. बाजूनं धडक बसली की टाकीला आडोसाच नव्हता. आगी लागल्या, माणसं दगावली, सरकारी चौकशी झाली आणि 1994 च्या अखेरीस तडजोडीत कंपनीनं सुरक्षेच्या कामांसाठी 5 कोटी डॉलरहून अधिक रक्कम देण्याचं मान्य केलं. फोर्डच्या पिंटो मोटारीत टाकी मागच्या ॲक्सलच्याही मागे होती. मागून धडक बसल्यावर ती फुटायची, म्हणून 1978 मध्ये लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

हे वाचल्यावर माझ्या मनाशी एक गोष्ट पक्की झाली. टाकी हलवली म्हणजे धोका जात नाही, त्याची फक्त जागा बदलते. म्हणून नवी जागा ठरवताना आधी धडक कुठून बसेल ते बघायचं आणि माणूस कुठे बसलाय ते बघायचं. मिस्त्री आणि मी गाडीखाली झोपून जागा शोधली. मागच्या ॲक्सलच्या पुढे, चेसिसच्या आतल्या अंगाला, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला, प्रोपेलर शाफ्टला पुरेसं अंतर सोडून. बाजूला चेसिसची पोलादी पट्टी आणि मागे ॲक्सल, असा दोन्हीकडून आडोसा मिळाला. लांब चेसिसमुळे तेवढी जागा होती. टाकी अरुंद करावी लागली, चार-पाच लिटर पेट्रोल कमी मावतं, ते मी आनंदानं सोडलं.

जुनी टाकी सोडवताना मिस्त्रींनी गॅरेजमधली वेल्डिंग बंद करायला लावली. "रिकामी टाकी भरल्या टाकीपरीस वंगाळ," ते म्हणाले. पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ मिसळली की एक ठिणगी पुरते, आणि रिकाम्या टाकीत नेमकं तेच मिश्रण तयार असतं. वाफ हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत पसरत जाते. जुन्या टाकीला डाग न लावता आम्ही नवीनच टाकी करून घेतली. वळणावर पेट्रोल एका बाजूला धावू नये म्हणून आत आडव्या पट्ट्या घातल्या.

चेसिसला एकही भोक पाडलं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालतं, म्हणून परिवहन कार्यालयात आधी विचारून घ्यावं आणि बिलं, फोटो जपून ठेवावेत. शिवाय 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी हवी असेल तर चेसिसमध्ये बदल चालत नाही. म्हणून ब्रॅकेट यू-बोल्टनं आवळले, टाकीखाली रबर घातलं. रबरामुळे टाकीचा चेसिसशी संबंध तुटतो आणि डॅशबोर्डवरचा पेट्रोलचा काटा मरतो, म्हणून टाकीपासून चेसिसला अर्थिंगची वेगळी वायर दिली.

आता पाईप लांब झाला होता. इंजिनवरचा पंप पेट्रोल लांबून ओढतो तेव्हा पाईपमधला दाब घटतो आणि सोलापुरी मे महिन्यात पेट्रोल पाईपमध्येच उकळतं. गाडी भर रस्त्यात बसते. टाकीजवळ बसवलेला इलेक्ट्रिक पंप पेट्रोल ढकलतो, त्यामुळे हा त्रास कमी होतो. पण अपघातात इंजिन बंद पडूनही तो चालू राहिला तर पेट्रोल रस्त्यावर ओतत राहील. म्हणून तो ऑइल प्रेशरच्या स्विचला जोडला: इंजिन थांबलं की पंप थांबतो. पाईप सायलेन्सरपासून लांब नेला, इथेनॉल सोसणारा होज वापरला. हवेची नळी टाकीहून उंच नेऊन वळवली, म्हणजे गाडी कलली तरी पेट्रोल बाहेर येत नाही.

तालुक्यात अशा जुन्या जीप अजून पुष्कळ आहेत. वस्तीवर, बाजाराला, वारीत त्या माणसांनी भरून जातात. ज्यांच्या सीटखाली अजून टाकी आहे, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: टाकी हलवणं जमत नसेल तर निदान आज सीट उचला, पाईप दाबून बघा, जोडावरून हात फिरवा. होज बदलायला फारसा खर्च येत नाही. आणि हलवायची असेल तर जिथे जागा रिकामी दिसते तिथे हलवू नका. बसलेल्या माणसांपासून लांब आणि धडकेपासून आडोशाला असेल तिथेच हलवा.