तो आवाज मला आवडायचा

नळ स्टॉपच्या सिग्नलला गाडी थांबवताना शेवटच्या दोन-तीन मीटरला माझ्या पोलोचे ब्रेक ओरडायचे. फळ्यावर खडू उभा घासावा तसा बारीक, कानात घुसणारा आवाज. शेजारचा स्कूटरवाला वळून बघायचा. मला त्या आवाजाचा अभिमान होता. पुढच्या चाकांना ट्रॅकवर वापरायचे पॅड बसवलेत हे त्या आवाजामुळे सगळ्या कर्वे रोडला कळतंय, असं वाटायचं. दीड वर्ष मी भेटेल त्याला सांगत होते की ब्रेक वाजतात म्हणजे ते दमदार आहेत. आज मला ते पटत नाही. माझं ऐकून आणखी एकाने पैसे खर्च केले, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात पसरणी घाटात झाली. मे महिना, पाचगणीहून वाईकडे उतरत होतो, गाडीत चौघं आणि सामान. गाडी २०१५ ची पोलो जीटी टीएसआय, १.२ लिटरचं टर्बो इंजिन, सात गिअरची ऑटोमॅटिक. दांडा 'डी'वर ठेवून मी प्रत्येक वळणाला ब्रेक दाबत होते. निम्म्या घाटात जळका वास आला आणि पुढच्या वळणाला पेडल मऊ लागलं. ओला स्पंज दाबावा तसं ते खाली गेलं. दुसऱ्यांदा दाबल्यावर पकड आली, पण हात गार पडले होते. वाईत गणपतीच्या घाटावर गाडी लावून आम्ही तासभर बसून राहिलो. तेव्हाच मी ठरवून टाकलं, या इंजिनाला हे ब्रेक पुरत नाहीत.

इथे मी चुकले. हिशेब साधा आहे आणि तो मी फार नंतर मांडला. पाचगणी आणि वाई यांच्या उंचीत पाचशे मीटरहून जास्त फरक आहे. तेवढं उतरताना गाडी जी ऊर्जा सोडते, ती ताशी १०० किलोमीटरच्या वेगावरून गाडी निदान बारा-तेरा वेळा पूर्ण थांबवण्याएवढी असते. त्यातला मोठा वाटा इंजिन घेऊ शकतं. दांडा बाजूला ओढून गिअर खालचा पाडायचा आणि गाडी इंजिनावर उतरवायची, एवढंच लागतं. घाटातला प्रत्येक ट्रकवाला तेच करतो. मी सगळा भार पुढच्या दोन डिस्कवर टाकला होता.

शिवाय ब्रेक ऑइल चार वर्षं बदललेलं नव्हतं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. ताजं डॉट ४ दर्जाचं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर मात्र ती मर्यादा १५५ अंशांच्या आसपास येते. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल नुसतंच खाली जातं. पसरणीत पायाखाली लागलेला स्पंज तो होता. पॅड बिचारे त्यात कुठेच नव्हते.

पण गॅरेजमध्ये मी सगळं एकाच दिवशी करून घेतलं. ट्रॅकचे पॅड, स्टीलच्या जाळीचे होज पाइप आणि नवं ऑइल. संध्याकाळी गाडी बाहेर काढली तर पेडल दगडासारखं. पाऊल टेकवताक्षणी गाडी नाक खाली घालायची. मी त्याचं सगळं श्रेय पॅडना दिलं, कारण ते सगळ्यांत महाग होते आणि वाजत होते.

आवाज का येतो हे वाचलं होतं आणि ते मला आवडलंही होतं. डिस्कला घासताना पॅड अगदी सूक्ष्म प्रमाणात चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरावा तशी डिस्क गाऊ लागते. नेहमीच्या पॅडच्या पाठीला रबराचा थर दिलेली पातळ पत्र्याची शिम असते, ती हे कंपन गिळते. ट्रॅकच्या पॅडचा मसाला कडक असतो, उष्णता सोसण्यासाठी बनवलेला, आणि गार असताना हलका ब्रेक लावला की तो जास्तीत जास्त ओरडतो. म्हणजे सिग्नलवरच. या तक्रारीला शंभराहून जास्त वर्षं झाली आहेत. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली इंग्लंडमध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा धातूवर धातू घासून होणारी किंचाळी हीच त्यांची मोठी अडचण होती. ही गोष्ट मी आवाजाच्या समर्थनासाठी सांगत असे. माणूस पहिल्यापासून तो आवाज बंद करायला धडपडतो आहे, हा तिचा सरळ अर्थ मला दिसत नव्हता.

पॅड वाईट नव्हते. कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर मी त्यांच्यासह दिवसभर गाडी पळवली. ट्रॅक दोन किलोमीटरच्या थोडा वर. पाचव्या फेरीत ब्रेक पहिल्या फेरीसारखेच लागत होते, वास नाही, पेडल तसूभर खाली नाही, आणि गरम झाल्यावर आवाजही बंद. त्या दिवसाचं सुख मी नाकारणार नाही.

मत फिरलं ते ताम्हिणीत. जुलै, सकाळी साडेसहा, मुळशीच्या पुढे धुकं आणि झड. बराच वेळ ब्रेकला पाय लागला नव्हता. एका वळणावर समोर म्हशी आल्या. पेडल दाबलं आणि काही झालं नाही. पेडल घट्ट होतं, पायात पूर्ण ताकद होती, पण गाडी तशीच सरकत राहिली. अर्धा सेकंद असेल. मग एकदम पकड आली, तीही इतकी की ओल्या रस्त्यावर एबीएस पायाखाली थरथरला. म्हैस आणि बॉनेट यांत हातभर अंतर राहिलं. डिस्क ओली, पॅड गार. ट्रॅकवर ज्या उष्णतेत ते उत्तम चालतात, ती उष्णता ताम्हिणीच्या पावसात त्यांना कुठून मिळणार?

तरीही मी पॅड काढले नाहीत. काढले ते एका खड्यामुळे.

त्याच दिवशी परतताना रस्त्याचं काम चालू होतं तिथून आले. पुण्यात शिरल्यावर डाव्या चाकातून खरखर येऊ लागली. मी काच वर केली. वाजणारेच पॅड आहेत, पावसात भिजलेत, होईल बंद. असे चार दिवस काढले. पाचव्या दिवशी मेकॅनिककडे गेले तेव्हा त्याने चाक उतरवलं, डिस्कमागच्या पत्र्याच्या आडोशात स्क्रू ड्रायव्हर घातला आणि हरभऱ्याएवढा काळा खडा माझ्या तळहातावर ठेवला. "ताई, नखाने बघा." डिस्कवर आतून बाहेर नख ओढलं तर मध्येच अडकलं. पाठीमागच्या बाजूला गोल चर पडली होती, रेकॉर्डवर ओरखडा पडावा तशी. "आवाज येत नव्हता का?" त्याने विचारलं.

येत होता. चार दिवस येत होता. या प्रश्नाने मला जितकं लागलं तितकं म्हशीनेही लागलं नव्हतं. पॅड झिजत आले की डिस्कला टेकून चीं करणारी पत्र्याची जीभ कित्येक गाड्यांच्या पॅडला मुद्दाम दिलेली असते. अडकलेला खडा, जाम झालेली कॅलिपरची पिन, सगळं आधी आवाजातूनच कळतं. माझी गाडी रोजच ओरडत होती, त्यामुळे तिला काही सांगायचं असलं तरी ते मला कळणार नव्हतं. दीड वर्षात मी माझ्याच कानांना ब्रेककडे दुर्लक्ष करायला शिकवलं होतं.

डिस्क बदलल्या आणि साधे रस्त्याचे पॅड घातले, शिमसकट. होज आणि ऑइल तेच ठेवलं. गॅरेजच्या गल्लीतून बाहेर पडताना पेडल दाबलं आणि मी चकित झाले. तोच घट्टपणा, तोच विश्वास. मला जे आवडत होतं ते पॅडचं नव्हतंच, ऑइलचं आणि होजचं होतं. उलट आता पावलाला बारकावे कळू लागले. आधी पेडल टेकवलं की कचकन पकड यायची. आता बोटभर दाबलं तर बोटभर, आणखी दाबलं तर आणखी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई माझ्या शेजारी बसली की प्रत्येक सिग्नलला डॅशबोर्डला हात लावायची. परवा कोथरूड ते डेक्कन तिचे दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर होते.

एबीएस सुरू होईपर्यंत जोर तर साध्या पॅडमध्येही येतो. तिथून पुढे गाडी टायरच थांबवतात. पुढे जास्त पकडणारे पॅड आणि मागे तेच ड्रम, अशा जोडीने मी ओल्या रस्त्यावर पुढची चाकं लॉक व्हायच्या काठावर आधी नेत होते, एवढंच.

माझ्या सांगण्यावरून मावसभावानेही तसेच पॅड घेतले होते. त्याची गाडी जुनी, बायको-मुलीला घेऊन महिन्यातून दोनदा वरंधा घाटाने महाडला जातो. त्याला फोन करायला मला तीन दिवस लागले. सगळं सांगितलं, चुकले म्हणाले. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, म्हणजे काढून टाकू?"

"काढ. ऑइल कधी बदललंस ते बघ. आणि आत्ता खाली जाऊन टायरच्या कडेला डॉटच्या पुढे शेवटचे चार आकडे काय आहेत ते वाच."

फोनवर जिन्याच्या पायऱ्या ऐकू आल्या, मग गेटची कडी.

"सत्तावीस, सोळा," तो म्हणाला. "म्हणजे काय?"

"टायर २०१६ सालच्या सत्ताविसाव्या आठवड्यातला आहे," मी म्हणाले. "या आठवड्यात घाटात जाऊ नकोस."