समोरच्याच्या डोळ्यांत

आमच्या खेड-दापोलीकडे मोटारीचे मुख्य काम म्हणजे मुंबईचा विमानतळ. कुणी कुवेतला निघतो, कुणी दुबईहून सुट्टीवर येतो आणि गाडी बहुतेक रात्रीचीच असते. परतताना मागे तिघेचौघे, डिकीत खोके, टपावर दोरीने आवळलेल्या बॅगा. गाडी मागे बसते, नाक वर होते आणि उजेडही वर चढतो. नाक नुसते एक अंशाने वर गेले तरी 50 मीटरवर उजेड सुमारे 87 सेंटीमीटर वर सरकतो.

आमचे थोरले चाचा एकदा इशाची नमाज पढून घरी येत होते. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले डोळे. समोरून गाडी आली, त्यांना काही दिसेनासे झाले, पाय गटारात गेला आणि मनगट मोडले. गाडी गावातलीच होती. चालवणाऱ्या पोराने थांबून त्यांना उचलले, दवाखान्यात नेले. "चाचा, अल्लाकसम, डिपरवरच होतो," असे तो सारखा म्हणत होता. ते खरेच होते. त्याचा डिपरच वर लागत होता.

मग आम्ही भावांनी मोहल्ल्यातल्या गाड्या भिंतीसमोर उभ्या करायचे ठरवले. अडचण सपाट जमिनीची! कोकणात अंगण म्हटले की उतार आलाच आणि चिऱ्याच्या भिंतीवर उजेडाची रेघ नीट उमटत नाही. शेवटी उर्दू शाळेचे मैदान आणि तिची चुन्याची भिंत हेडमास्तरांकडून मागून घेतली. रस्त्यातला काटा उचलणे हाही ईमानचा भाग, हे मक्तबात शिकलेल्या पोरांना वेगळे समजावावे लागले नाही.

काम फार अवघड नाही. चाकांत हवा बरोबर, डिकी रिकामी, चालवणाऱ्याच्या जागी एक जण बसलेला. गाडी आधी भिंतीला भिडवून दोन्ही दिव्यांच्या मध्यावर खडूने फुल्या करायच्या. मग सरळ मागे, 25 फुटांवर आणायची, चारदा दाबून स्प्रिंगा बसू द्यायच्या आणि डिपर लावायचा. एका दिव्यापुढे पुठ्ठा धरून दुसरा पाहायचा. उजेडाची वरची सपाट कड फुलीच्या साधारण तीन इंच खाली यायला हवी. बऱ्याच दिव्यांवर 1 टक्का उतार छापलेला असतो, त्याचा अर्थ हाच. दिव्याच्या मागचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवायचा, घाई केली की प्लॅस्टिकचे दाते मोडतात. डावीकडे उजेड थोडा वर चढलेला दिसतो, तो तसाच असू द्यावा. आपण डावीकडून चालतो, रस्त्याच्या कडेचा पादचारी त्यातच दिसतो. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून 8 मीटरवरचा आणि दीड मीटर उंचीवरचा डोळा धरला आहे.

त्या रात्री काही गाड्या स्क्रूने सुधारल्या नाहीत. काहींत हॅलोजनच्या घरात बाजारातला एलईडी बल्ब कोंबलेला होता. त्याचा उजेड फिलामेंटच्या जागेवरून निघतच नाही, मग कड कुठून दिसणार! आणि एका गाडीला मामूंनी हौसेने दुबईहून आणलेला दिवा होता. तिकडची वाहतूक उजवीकडून, त्यामुळे त्याचा उजेड उजवीकडे वर चढतो. आपल्याकडे तो थेट समोरून येणाऱ्याच्या तोंडावर. मामूंना वाईट वाटले, पण दिवा काढून माळ्यावर ठेवावा लागला.

उरले विमानतळाचे ओझे. स्टिअरिंगजवळ 0 ते 3 आकड्यांचे छोटे चाक अनेक गाड्यांत असते, त्याला आमच्याकडे कुणी हातच लावत नसे. ओझे वाढेल तसा आकडा वाढवायचा, म्हणजे दिवे खाली झुकतात. आता गाडी विमानतळाहून निघताना मागे बसलेल्यांपैकी कुणीतरी ओरडतो, "चाक फिरवलंस का रे?" सामान उतरले की ते परत 0 वर आणायचे, नाहीतर दुसऱ्या दिवशी एकट्याने जाताना रस्ता चार हातांपुढे दिसत नाही.