क्षमेच्या ओळीपाशी

जवळजवळ तीस वर्षांच्या व्यवसायात ‘धीर धरा, देवावर विश्वास ठेवा’ हे शब्द मी किती नातेवाइकांना ऐकवले असतील, याची गणती नाही. त्या शब्दांचे वजन मला कळले ते माझ्याच घरात, आईच्या खाटेशी.

आई नगरला प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीनंतर ती आमच्याकडे राहू लागली. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एका पहाटे तिला पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. पुढे तिच्या कपाटात रक्तदाबाच्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटे सापडली. दिवसभर इतरांचा रक्तदाब मोजणाऱ्या डॉक्टरने कित्येक महिने स्वतःच्या आईचा रक्तदाब मोजलाच नव्हता! हे ओझे मी कोणाजवळ उघड केले नाही. भरपाई म्हणून तिची सेवा एकट्याने करायची, असे मनाशी ठरवले. चर्चच्या महिला मंडळातील भगिनी ‘मदतीला येऊ का’ असे विचारून गेल्या. त्यांनाही नकार दिला.

दर दोन तासांनी कूस बदलणे, बसते करून चमच्याने भरवणे, अंथरूण स्वच्छ ठेवणे, आणि सकाळी पुन्हा दवाखाना. तिला सारे समजे. पण तहान लागली तरी ‘पाणी’ हा शब्द ओठांवर येत नसे. तिसऱ्या महिन्यात एका रात्री, तिसऱ्यांदा चादर बदलताना, मी ओरडलो, “आई, आता पुरे कर!” तिने भिंतीकडे तोंड फिरवले. त्या रात्री मी देवाशी भांडलो, आणि त्याहून अधिक स्वतःशी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेहमीप्रमाणे तिच्याजवळ बसून प्रभूची प्रार्थना म्हणू लागलो. क्षमेच्या ओळीपाशी कंठ दाटला आणि मी थांबलो. तेव्हा ती ओळ आईने म्हटली. अडखळत, पण स्पष्ट.

यात चमत्कार नव्हता, हे मला ठाऊक आहे. बहुतेकांच्या मेंदूत भाषेची मुख्य केंद्रे डाव्या बाजूस असतात. तेथे इजा झाली की विचार करून शब्द जुळवणे कठीण होते; परंतु वर्षानुवर्षे म्हटलेल्या प्रार्थना, गाणी, अंक पुष्कळदा शाबूत राहतात. आईने मला क्षमा केली की पाठ असलेली ओळ केवळ ओठांतून वाहिली, हे वैद्य म्हणून मी सांगू शकत नाही. मात्र प्रार्थना संपल्यावर तिने डाव्या हाताने माझे मनगट घट्ट धरले. ते धरणे पाठ केलेले नव्हते.

प्रेषित पौलाने आपल्या देहातील काट्याविषयी करिंथकरांना लिहिले आहे. तो काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, तो सोसण्यास पुरेल एवढी कृपा मात्र मिळाली. हे लहानपणापासून ऐकले होते; उमजले तेव्हा. आईचे दुखणे ही देणगी होती, असे मी कधीही म्हणणार नाही. दुःखाबद्दल आभार मानायचे नसतात. दुःखात असतानाही आपल्यापर्यंत जे पोहोचते त्याचे मानायचे असतात. पुढच्या रविवारी मी त्या भगिनींना ‘या’ म्हटले. आठवड्यातून दोन दुपारी त्या आईजवळ बसून नारायण वामन टिळकांची गीते गात. आईही सुरात सूर मिसळी. मी पलीकडच्या खोलीत निजे. मदत स्वीकारणे हाच माझ्या कृतज्ञतेचा पहिला धडा ठरला.

आपल्या घरीही असे आजारपण असेल, तर एवढेच सांगतो. रुग्णाला ‘रडू नका, देवाचे आभार माना’ असे सांगू नका. आमच्या स्तोत्रसंहितेत स्तुतीइतकाच आक्रोशही आहे. आपल्या परंपरेतील अभंग, आरती, दुवा, जे त्याला पाठ असेल ते त्याच्यासोबत म्हणा. गेलेली वाचा कधी कधी तेथे भेटते. घरातील वडीलधाऱ्यांच्या गोळ्या स्वतः तपासा. श्रद्धा ही औषधाची जागा घेत नाही. आणि झोप उडाली, चिडचीड वाढली, दोन आठवडे मन उदास राहिले, तर डॉक्टरांना स्वतःविषयीही सांगा.

आई त्यानंतर तीन वर्षे होती. ‘पाणी’ हा शब्द तिला अखेरपर्यंत गवसला नाही. पण रोज संध्याकाळी त्या एका ओळीपाशी मी थांबत असे, आणि ती ओळ आई म्हणत असे.