पार कोणाचा?

गावातला पार कोणाच्या मालकीचा, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वड कोणा एका पूर्वजाने लावलेला असतो, दगडी ओटा दुसऱ्याने बांधलेला असतो, आणि सांजसकाळ तेथे बसणारी मंडळी तिसरीच असतात. पाऊसपाणी, लग्नकार्ये, कोर्टकज्जे यांचा सारा खल तेथे होतो. ओट्याचे दगड झिजतात, क्वचित एखादा निखळतोही; पण बसणाऱ्याला वाटत असते की हा काल होता, आज आहे, तेव्हा उद्याही असणारच. मग एखाद्या दिवशी रस्ता रुंद करण्याचा हुकूम निघतो, वडाच्या बुंध्यावर खूण उमटते, आणि गावाला प्रथमच जाणवते की ज्याला आपण आपले म्हणत आलो त्यावर कागदोपत्री आपला काडीचाही हक्क नाही.

वाचकहो, अशाच एका पाराची हकीकत आज मी आपल्याला सांगणार आहे. हा पार दगडमातीचा नाही. तो आंतरजालावर आहे, आणि त्यावर बसणारी माणसे जगाच्या पाठीवर कोठेकोठे विखुरलेली आहेत. १९९९ साली अमेरिकेत मॅट हाउई नावाच्या तरुणाने 'मेटाफिल्टर' नावाचे एक संकेतस्थळ सुरू केले. तेथे चित्रांची आरास नव्हती. निळ्या भूमीवर नुसती अक्षरे होती. वाचनात आलेली एखादी लक्षणीय गोष्ट सभासदाने सर्वांपुढे ठेवावी आणि इतरांनी तिच्याविषयी मनमोकळे बोलावे, एवढाच तेथला रिवाज. २००३ च्या डिसेंबरात त्याला हिरव्या रंगाचे एक नवे दालन जोडले गेले. तेथे कोणीही आपली अडचण मांडावी आणि जाणत्यांनी उत्तर द्यावे. आणखी एक दालन होते करड्या रंगाचे. खुद्द त्या जागेच्या कारभाराविषयी बोलण्यासाठी ते राखून ठेवलेले होते. अमुक नियम योग्य आहे का, तमुकाचे लेखन काढून टाकले ते न्याय्य होते का, अशी सारी वादावादी तेथे चाले. आपल्या भाषेत बोलायचे तर पाराशेजारीच ही चावडी होती. २००४ पासून नव्या सभासदाला ५ डॉलर भरावे लागत, तेही आयुष्यात एकदाच. त्या रकमेत पाराचा खर्च भागण्यासारखा नव्हता. उपद्रवी माणसाने दारातच थबकावे, एवढेच तिचे मोल.

अशा गप्पांचे एवढे कौतुक कशाला, असे आपण म्हणाल. त्याला उत्तर म्हणून एक घडलेली गोष्ट सांगतो. २०१० च्या मे महिन्यात एका सभासदाने त्या हिरव्या दालनात घाईघाईने मदतीची हाक दिली. त्याच्या ओळखीची एक रशियन तरुणी आपल्या मैत्रिणीसह अमेरिकेत येऊन पोहोचली होती. कोणा अनोळखी माणसांनी त्यांना नोकरीचे आमिष दाखवून न्यूयॉर्कला बोलावले होते, आणि त्या बोलावण्यात काही काळेबेरे असल्याचा त्याला संशय होता. तो स्वतः शेकडो कोसांवर होता. मुली तर बसमध्ये बसूनही गेल्या होत्या. हाक ऐकताच ठिकठिकाणचे सभासद कामाला लागले. कोणी कायदा सांगितला, कोणी मदत करणाऱ्या संस्थांचे दूरध्वनी शोधून दिले, कोणी रशियन जाणणारा माणूस मिळवला. आणि न्यूयॉर्कमधील सभासदांनी बस थांबते तेथे जाऊन त्या दोघींना गाठले. ज्यांनी परस्परांचे तोंडही पाहिले नव्हते अशा माणसांमुळे दोन मुली संकटाच्या दारातून परत फिरल्या. केवळ गप्पांचा म्हणून ज्याला आपण हिणवतो, तो पार वेळप्रसंगी असा उभा राहतो.

माझा त्या पाराशी परिचय मात्र सौम्य कारणाने झाला. माझ्या आईला विस्मरणाचा आजार जडला होता. तिन्हीसांज झाली की ती आवराआवर करू लागे आणि माहेरी जायचे म्हणून हट्ट धरी. तिचे माहेर उरले नव्हते. हे तिला सांगावे तर ती नव्याने रडे, न सांगावे तर दाराशी जाऊन उभी राही. एका रात्री ती निजल्यावर मी संगणकावर शोधू लागलो, आणि शोधता शोधता त्या हिरव्या दालनात जाऊन पोहोचलो. माझ्यासारखाच एक अनोळखी मुलगा कित्येक वर्षांपूर्वी तोच प्रश्न विचारून गेला होता, आणि त्याला मिळालेली उत्तरे जशीच्या तशी तेथे होती. तिला खोटे पाडू नका, तिला घराची आठवण येते आहे तर त्या घराविषयीच विचारा, अशा अर्थाचे काही त्यांत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आईला तिच्या माहेरच्या विहिरीविषयी विचारले. ती बसली, बोलू लागली, आणि हळूहळू जायचे विसरली. पुस्तकात सापडले नसते आणि वैद्यांना सांगायला सवड झाली नसती, असे ते ज्ञान होते. परक्या देशातील, त्याच वाटेने गेलेल्या माणसांनी ते मागे ठेवले होते, आणि कोणीतरी ते जपले होते.

'कोणीतरी जपले होते' हे शब्द मी सहज लिहून गेलो. पण पुढली सारी कथा त्याच शब्दांत आहे. आंतरजालावरचे पान आपोआप टिकत नाही. ते ज्या यंत्रावर साठवलेले असते त्याचे भाडे दरमहा द्यावे लागते. शिवाय रात्रंदिवस तेथील बोलणे वाचणारी, शिवीगाळ काढून टाकणारी, भांडणे सोडवणारी माणसे लागतात. मेटाफिल्टरवर हे काम करणारी माणसे पगारी होती. हा खर्च कोण भागवीत होते? सभासद नव्हेत. गूगलसारख्या शोधयंत्रातून माझ्याप्रमाणे क्षणभर डोकावणारे वाटसरू येत, त्यांना जाहिराती दिसत, आणि त्या जाहिरातींच्या उत्पन्नावर सारा संसार चाले. याचा अर्थ असा की पार मंडळींचा असला तरी पाराकडे येणारी वाट दुसऱ्याच कोणाच्या ताब्यात होती. २०१२ च्या नोव्हेंबरात ती वाट एकाएकी वळली. शोधयंत्राने कोणते पान वर दाखवावे आणि कोणते खाली, याचे गणित बदलले असावे. हिरव्या दालनाकडे येणारे लोक आणि त्यांच्यापासूनचे उत्पन्न सुमारे ४० टक्क्यांनी घटले. तेथे कोणाची चूक झाली नव्हती, लिखाणाचा कसही उतरला नव्हता.

दीड वर्ष ओढाताण करून झाल्यावर २०१४ च्या मे महिन्यात हाउई यांनी सर्व सभासदांपुढे परिस्थिती उघड केली. उत्पन्न कसे आटले, खर्च किती आहे, आणि देखरेख करणाऱ्यांपैकी तिघांना निरोप देणे का भाग पडत आहे, हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले. आता पाहा, अशा वेळी माणसे सहसा काय करतात? हळहळतात, दोन आठवणी काढतात आणि नवा पार शोधायला निघतात. येथे तसे झाले नाही. आम्हाला पैसे देता येतील अशी सोय करा, असा सभासदांचाच धोशा सुरू झाला. ज्यांनी आयुष्यात एकदाच ५ डॉलर भरले होते, त्यांपैकी अनेकांनी दरमहा थोडी थोडी रक्कम देण्याचे मान्य केले. ज्याला पैसे देणे शक्य नव्हते त्याने दुसरे काही देऊ केले. आणि त्या करड्या चावडीवर प्रथमच हिशेबाची चर्चा मालकाच्या जोडीने साऱ्यांनी केली.

यातून चमत्कार घडला असे मी म्हणणार नाही. गेलेली तीन माणसे गेलीच, आणि त्यांच्या घरी त्या महिन्यात काय वाटले असेल ते आपण जाणता. २०१५ मध्ये हाउई यांनी कारभार जॉश मिलर्ड या आपल्या सहकाऱ्याकडे सोपवला. २०१८ मध्ये पुन्हा तूट आली. मिलर्ड यांनी पुन्हा आकडे मांडले आणि सभासदांनी पुन्हा हात दिला. २०२२ मध्ये ती धुरा जेसमिन वेस्ट या बाईंनी उचलली. पेशाने त्या ग्रंथपाल आहेत, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. संकट एकदा येऊन कायमचे टळले, असे सार्वजनिक कामात क्वचितच घडते. वाढ जशी वर्षानुवर्षे होते, तशीच राखणही वर्षानुवर्षे करावी लागते.

याच्या उलट चित्रही पाहण्यासारखे आहे. १९९४ साली 'जिओसिटीज' नावाचे एक स्थळ निघाले होते. तेथे सामान्य माणसांनी आपापली पाने बांधली होती. कोणी आपल्या गावाविषयी लिहिले, कोणी कुटुंबाची छायाचित्रे लावली, कोणी गेलेल्या लेकराची आठवण ठेवली. त्या पानांच्या आळ्या आणि वस्त्या होत्या, आणि त्यांना नावेही होती. १९९९ मध्ये याहू कंपनीने ते सारे नगर विकत घेतले, आणि २००९ च्या एप्रिलमध्ये ते बंद करण्याचे जाहीर केले. ऑक्टोबरच्या २६ तारखेला ती वस्ती उठली. तिची स्वतःची चावडी नव्हती. कोटीच्या घरातील पाने होती, पण मालकाच्या निर्णयात ती बांधणाऱ्यांचा हात नव्हता. तेव्हा जेसन स्कॉट आणि त्यांच्या 'आर्काइव्ह टीम' या स्वयंसेवक मंडळाने, कोणी सांगितलेले नसता, रात्रीचा दिवस करून जमेल तेवढी पाने उतरवून घेतली आणि एका वर्षाने सर्वांसाठी खुली केली. त्यांचे कार्य थोरच. पण ते आगीतून भांडी बाहेर काढण्यासारखे होते. घर वाचले नाही. एका ठिकाणी चूल पेटती राहिली, दुसरीकडे भांडी संग्रहात जमा झाली.

हा फरक कशाने पडला, याचा मी पुष्कळ विचार केला. पैशाने म्हणावे तर दुसऱ्या नगराच्या मालकाकडे पैसा कितीतरी अधिक होता. मला वाटते, पहिल्या ठिकाणी माणसांना कारभारात तोंड घालण्याची सवय वर्षानुवर्षे लागलेली होती. नियमांवरून भांडता भांडता ती जागा नकळत त्यांची झाली होती. ज्याला भांडायचा अधिकार असतो त्यालाच सांभाळण्याचे कर्तव्य जाणवते. दुसरे असे की हिशेब वेळेवर आणि खरा सांगितला गेला. दार बंद करण्याच्या दिवशी सांगितलेल्या हिशेबाने डोळ्यांत पाणी येते, वर्गणी येत नाही.

आणि वर्गणी म्हटली की ही परदेशी गोष्ट एकाएकी घरची होते. ज्ञानकोशकार केतकरांनी मराठी ज्ञानकोशाचे २३ भाग सिद्ध केले ते कोणा संस्थानिकाच्या एकट्याच्या खजिन्यावर विसंबून नव्हे. कंपनी काढून, तिचे भाग गावोगाव लोकांच्या गळी उतरवून त्यांनी ते शिवधनुष्य पेलले. आपल्या मोहल्ल्यातील वाचनालय, परप्रांतात आपल्या आजोबांच्या पिढीने उभे केलेले महाराष्ट्र मंडळ, गणेशोत्सवाचा मांडव, ही सारी अशाच लहान लहान पावत्यांवर उभी आहेत. १९९६ पासून 'मायबोली' या संकेतस्थळावर देशोदेशींची मराठी माणसे एकत्र जमली, तीही याच ओढीने. आपण इंदुरात असा, बडोद्यात असा, नाहीतर कोलकात्यात. आपल्या घराच्या आसपास असा एखादा पार खचित असेल.

तो फुकट आहे म्हणून पैसे कशाला द्यावेत, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु फुकट असे काही नसतेच. आपण दिले नाहीत तर दुसरा कोणी देत असतो, आणि ज्या दिवशी त्याचा हात आखडतो त्या दिवशी आपल्याला काही विचारले जात नाही. आता तर शोधयंत्रे वाटसरूला पानापर्यंत न आणता स्वतःच उत्तर तयार करून देऊ लागली आहेत. ती उत्तरे ज्या माणसांच्या बोलण्यातून उचललेली असतात, त्यांचा पार ओस पडला तर उद्या यंत्र तरी काय सांगणार? म्हणून ज्या जागेने आपल्याला कधी एखादे उत्तर, एखादे पुस्तक, एखादा स्नेही दिला असेल, तिचा खर्च कोण करतो हे या आठवड्यात विचारून पाहा. वर्गणी थोडी असली तरी चालेल. ती नियमाने द्या. पैसे नसतील तर एक तास द्या, पुस्तकांना कव्हरे घाला, हिशेब तपासा, सभेला जा आणि तेथे मत मांडा. माझी आई आता नाही. पण जो प्रश्न मी त्या रात्री घेऊन बसलो होतो, तोच प्रश्न घेऊन या क्षणीही कोणीतरी कोठेतरी जागा असेल. त्याला तेथे दिवा लागलेला दिसावा, एवढ्यासाठी मी दरमहा माझी लहानशी रक्कम पाठवतो.