पिंपरी की पिंपळी?

आमची नात परवा इंग्रजी शब्दकोश चाळीत असता विचारती झाली, “आजोबा, इंग्रज लोक मिऱ्यांना ‘पेपर’ का म्हणतात?” प्रश्न साधाच, पण उत्तर देताना आमची मान खाली गेली. त्याचे कारण वाचकांस सांगणे प्राप्त आहे.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी आम्ही अकोला जिल्ह्यातील एका गावी शिक्षक होतो. सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोट व अंजनगाव सुर्जीकडे, बारी समाजाचे शेतकरी पिंपळीचे पीक काढतात. तिकडे तिला ‘पानपिंपरी’ म्हणतात. तशा एका घरच्या मुलाने निबंधात तोच शब्द लिहिला. आम्ही त्यास भर वर्गात उभे करून बजावले, “पिंपरी नव्हे, पिंपळी! मूळ शब्द पिप्पली!” वर्ग हसला. त्यानंतर त्या मुलाने घरच्या मळ्याविषयी एक अक्षरही लिहिले नाही.

आता ‘पेपर’ची कुळकथा पाहा. इंग्रजांस हा शब्द लॅटिन ‘पिपेर’पासून मिळाला, लॅटिनास ग्रीक ‘पेपेरी’पासून, आणि ग्रीकांस आपल्या ‘पिप्पली’पासून. वाटेत, बहुधा इराणी लोकांच्या मुखी, ‘ल’चा ‘र’ झाला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरातून परदेशी जाणाऱ्या मालात पिंपळीची गणना आहे. त्याच शतकात रोमन ग्रंथकार प्लिनी पिंपळीचा भाव रत्तलास १५ दिनार देतो, काळ्या मिऱ्यांचा अवघा ४. ग्रीकांनी दोहोंस एकच नाव लावले. पुढे युरोपात पिंपळी मागे पडली. तिचे नाव तेवढे मिऱ्यांपाशी राहिले.

म्हणजे जो ‘र’ ग्रीकांच्या तोंडी आम्ही कौतुकाने सांगतो, तोच बारी शेतकऱ्याच्या तोंडी आम्हांस अशुद्ध वाटला! र आणि ल ह्यांत संस्कृत पंडित अभेद मानतात, हे आम्हांस तेव्हाही ठाऊक होते.

नात म्हणाली, “मग त्यांना हे कळवलंत का?”

गेल्या रविवारी अमरावतीहून मुद्दाम त्याच्या गावी गेलो. पन्नाशी उलटलेल्या त्या विद्यार्थ्यापाशी आपली चूक कबूल केली. तो संकोचला. निघताना त्याने एक पुडी हाती दिली व जपून म्हणाला, “गुरुजी, थोडी पिंपळी घेऊन जा.”

आम्ही म्हटले, “अरे, पिंपरीच म्हण.”